एका वेलांटीनं बुजलेलं तळं

आवो,

सकाळपासून दारात माणसं यायलीत अन् जो येईल तो मला एकच सांगायलाय, नकाशेअप्पा लय साधा माणूस होता. मी नुसती मान हलवायलेय. त्यायला काय सांगू? साधा माणूस बायकोला जन्मभर किरायाच्या घरात ठेवत न्हाई. साधा माणूस लोकाच्या विहिरींवर जाऊन दोर सोडून बसत न्हाई. तुमी साधे नव्हते, तुमी हट्टी होते. हे मी तुमच्या तोंडावर कितीदा म्हणले, म्हणून आता माघारी म्हणायची मला चोरी न्हाई.

तुमच्या माघारीची शिवगणाराधना झाली, जेवणं उरकून पाव्हणे गेले. मन्मथ अन् सूनबाई आतल्या खोलीत हळू आवाजात बोलायलीत. ते काय बोलायलीत ते मला ठाऊक हाय, पण ते नंतर सांगते. तुमची खुर्ची खिडकीपाशी तशीच हाय. तिच्यावर कुणी बसंना अन् तिला कुणी हलवंना. मी तिच्यासमोर बसून लिहायलेय. बालवाडीत पोरायला अक्षर गिरवायला लावलं तेवढाच माझा लिहिण्याशी संबंध. वेलांट्या चुकल्या तर बोलू नका. आपलं निम्मं भांडण एका वेलांटीवरच झालेलं हाय.

नगरपालिकेच्या टेबलावर वाकून गावाचे नक्शे काढून काढून तुमाला पोक आलं. कुणाला घराची परवानगी पाहिजे, की ते तुमच्याकडं. कुणाची चूल कुठं, कुणाची मोरी कुठं, कुणाचा जिना कुण्या अंगानं, सारं तुमच्या हातून गेलं. या गावातल्या कित्येक बाया तुमी काढलेल्या सैपाकघरात भाकरी थापायल्यात. अन् मी? मला घरमालकिणीला विचारल्याशिवाय भिंतीत खिळा मारता येत न्हाई. बेलाचं रोप डब्यात लावलं, ते डब्यातच मोठं झालं अन् डब्यातच वाळलं, कारण जमिनीत लावायचं म्हणलं की मालकीण म्हणायची, मुळ्या भिंतीत जातील बाई.

एकदा मी लयच डोकं खाल्लं तवा तुमी चुन्याची फक्की आणली. मन्मथ रांगत होता. मालक गावाला गेलेले. तुमी त्यांच्या सगळ्या अंगणात चुन्यानं माझं घर काढलं, खरंखुरं, पाऊल टाकून चालता येईल एवढं. इथं दार, इथं ओटा, खिडकी उगवतीकडं म्हणजे सकाळी चुलीपुढं दिवा लागू नये. मी पदर खोचून त्या घरात हिंडले. मन्मथ रेघ ओलांडून गेला तर तुमी त्याला उचलून दारातून आत आणलं, भिंतीतून जायचं नसतं म्हणले. मी इतकी हसले. मालक परत यायच्या आत मीच ते घर झाडलं. तेवढं एक घर तुमी मला दिलं, अन् ते लय चांगलं होतं, हे मी तुमाला तवा बोलले न्हाई.

मंग ते तळ्याचं निघालं.

त्या दिसांत नामांतरावरून सारा मराठवाडा पेटलेला. आज बंद, उद्या मोर्चा, एस्टी कधी सुटेल अन् कुठं अडकेल याचा नेम न्हाई. अशात नगरपालिकेत गावाचा नवा आराखडा करायला पुण्याकडचा एक पोरगा आला. चांगला होता, मी त्याला घरी जेवू घातलंय. जुने कागद सगळे निजामाच्या वख्ताचे, उर्दूत. तुमी उर्दू शाळेत शिकलेले, तुमाला ते वाचता यायचे, पण तुमी तवा तुमच्या आईच्या दुखण्यात घरी होते. म्हणून दुसऱ्या एका म्हाताऱ्या कारकुनानं कागद मोठ्यानं वाचले अन् पोरानं ते मराठीत उतरवले.

गावाखालच्या तळ्याच्या जमिनीला कागदात 'शिकम' म्हणलेलं होतं. शिकम म्हणजे पोट, हे मला तुमीच सांगितलं. तळ्याचं पोट. पाणी भरलं की ते तळ्याचं, पाणी उतरलं की कुणीबी जावं, काकड्या-खरबुजं लावावी अन् पुढच्या पावसाला गुमान वर यावं. त्याच्यावर मालकी कुणाचीच न्हाई. पण त्या पोराच्या कानाला 'शिकम' अर्धवट लागलं. त्याला 'शिकमी' ठाऊक होतं, दुसऱ्याच्या नावावरची जमीन कसणारं कूळ. म्हाताऱ्याच्या तोंडात दात न्हाईत, शेवटचं अक्षर गिळलं असेल, असं त्याला वाटलं. त्यानं 'म'ला दुसरी वेलांटी देऊन शब्द नीट केला. त्याच्या हिशेबी त्यानं शुद्धलेखन दुरुस्त केलं, दुसरं काय?

तुमी कामावर परत गेले तवर तळ्याचं शेत झालं होतं. शेत झालं म्हणल्यावर कूळ निघालं, कुळाचे वारस निघाले, वारसांनी चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले अन् देवाचं नाव देऊन पाटी लावली. तुमी ती वेलांटी काढायला सगळीकडं हिंडले. एवढी एक वेलांटी पुसा, बाकी काय बी करू नका. कुणी म्हणलं अर्ज द्या, कुणी म्हणलं वरून आलंय, कुणी म्हणलं अप्पा, एका वेलांटीपायी इतकी माणसं बेघर करता का? परभणीला जाऊन आले, बंदात अडकून दुसऱ्या दिशी उपाशी घरी आले. पाय धुता धुता तुमी म्हणले ते माझ्या ध्यानात हाय, "नावासाठी तिकडं माणसांनी घरं जळू दिली, जीव दिले, कारण नावात काय असतं ते त्यायला कळतंय. इथं एका तळ्याचं नाव गेलं अन् कुणाला पत्ता न्हाई."

मी त्या वक्ती काय केलं? मी म्हणले, जेवून घ्या, अन् तिथंच एक प्लॉट आपण बी घेऊ.

खोटं कामून बोलू. माझा भाऊ सोनपेठहून मुद्दाम आला होता, मदत करायला तयार होता. शेजारच्या सगळ्या बायांनी तिथं जागा धरली. कुणाचा पाया निघायलाय, कुणाची चौकट बसायलीय, अन् मी रोज त्यायच्या वास्तूचं जेवून किरायाच्या खोलीत परत यायचे. रडून बघितलं, भांडून बघितलं. तुमी म्हणले, "मी पोटात घर बांधणार न्हाई." एवढंच. भावासमोर म्हणले. तो उठून एस्टीला गेला, अन् मी तुमाला कित्येक दिस नुसतं ताट वाढलं, शब्द वाढला न्हाई.

तुमचं म्हणणं मला कळत नव्हतं असं न्हाई. नगरपालिकेत एकदा मोठे साहेब आले होते, गावाची प्रगती किती झाली ते मोजायला. रस्ते किती वाढले, दिव्याचे खांब किती, पक्की घरं किती, झाडं किती लावली. तुमी मागच्या बाकावरून उठून म्हणले की साहेब, विहिरींचा एक रकाना घाला. हे गाव किती माणसं पोसू शकतंय ते खांब मोजून कळायचं न्हाई. साहेब चिडले न्हाईत. त्यायनी समजावून सांगितलं की आता धरणातून नळानं पाणी येणार, गाव काय आता विहिरींवर जगणार न्हाई, तवा तो रकाना कशाला? मला तर पटलं ते. तुमी घरी येऊन सांगितलं तवा मी साहेबांच्या बाजूनं बोलले. नळ आले तवा गल्लीत पेढे मीच वाटले. डोक्यावर घागर वाहून जिची मान मोडली तिला विचारा नळ काय असतो. तुमी कधी घागर वाहिली न्हाई, तुमी नुसता दोर सोडला.

तो दोर! पावसाच्या अगुदर अन् पावसाच्या नंतर, दर साली, गावातल्या विहिरींवर तुमची फेरी. दोराला दगड, खिशात चुन्याची डबी. पाणी जिथं लागलं तिथं विहिरीच्या आतल्या दगडावर चुन्याची रेघ. तुमी त्याला पैमाईश म्हणायचे, मोजणीचा जुना शब्द. बाया पदर तोंडाला लावून हसायच्या, विचारायच्या, नकाशेअप्पा, मासे गावायलेत का? मला घरी येऊन सांगायच्या. मी त्यायच्याबरोबर हसायचे अन् मंग एकटी असले की माझा जीव जळायचा. माझ्या नवऱ्याला हसायचा हक्क माझा होता, त्यायचा न्हाई.

मंग तो भादवा आला. तीन दिस पावसानं दम घेतला न्हाई. तुमी वर्षानुवर्षं सांगत आलेले की तळं परत येईल, आपली जागा त्याला ठाऊक हाय. वसाहतीतल्या लोकांनी दारात पोती रचली, गाद्या माळ्यावर टाकल्या. तुमी छत्री घेऊन कोपऱ्यावर दिसभर उभे. मला भीती वाटायली होती, अन् खरं सांगू, भीती दोन्हीकडून होती. पाणी आलं तर बायांची घरं जातील, न्हाई आलं तर तुमी जाल. पाणी पायरीला लागलं अन् दिवेलागणीच्या आत गटारीनं निघून बी गेलं. हॉटेलावर कुणीतरी म्हणलं, अप्पा, तुमचं तळं एस्टीनं यायलंय का, बस चुकली वाटतं. सारं हॉटेल हसलं. तुमी घरी येऊन भिजलेले कपडे बी बदलले न्हाईत.

त्यानंतर तुमी तळ्याचं नाव कुणापाशी काढलं न्हाई. लोकांला वाटलं म्हातारा थंड झाला. मला बी तसंच वाटलं. मला मनातून बरंच वाटलं, म्हणलं आता सुचेल याला घराचं. पण तुमचा दोर सुटला न्हाई.

अन् मंग तो उन्हाळा. नळ एक दिसाआड होता तो चार-पाच दिसाआड झाला, धरणातच न्हाई तर नळाला कुठून येईल? लोकांनी बोअर घ्यायला सुरुवात केली. तुमी वेशीपाशच्या मोठ्या विहिरीवरून आले अन् मला म्हणले, वाळवणाचा दोर दे. मी म्हणले, धुणं कुठं घालू? माझा दोर तुमच्या दोराला बांधून परत गेले. परत आले तवा दगड कोरडा होता. त्या दिशी ओसरीवर बसून तुमी माझ्याशी बोलले, तसं कधी बोलले नव्हते.

"मी उलटं मापलं," तुमी म्हणले. "तळं वरून येईल म्हणून मी वाट बघत बसलो. ते खालून जायलं होतं."

मी म्हणले नीट सांगा, मला कळंना. मंग तुमी सांगितलं. तळ्यात पाणी थांबायचं, मुरायचं, अन् ते खालच्या खाली गावातल्या विहिरींत यायचं. पोटात घरं झाली, फरश्या झाल्या, डांबर झालं, आता पाणी थांबतच न्हाई. त्या भादव्यात लोकाच्या पायरीवरून दिवेलागणीला निघून गेलं, ते पाणी पूर्वी उन्हाळ्यापस्तोर पुरायचं. चुन्याच्या रेघा दर साली खाली खाली जायल्या होत्या, त्या तुमच्याच हाताच्या होत्या, अन् तुमी वर आभाळाकडं बघत होते. हे सांगताना तुमचा आवाज बारीक झाला. मी म्हणले, मंग लोकांला सांगा की. तुमी म्हणले, एकदा हसून झालेत ते. अन् त्यायनी हसावं असंच झालं होतं, चुकलो तर मीच.

त्या दिशी तुमच्याजवळ सरकून बसावं असं मला लय वाटलं. तुमच्या पाठीवर हात ठेवावा, म्हणावं की मला पटलं. मी म्हणले, माझा दोर सोडून द्या आधी, धुणं वाळवायचंय. आपलं बोलणं असंच. तुमी गाठ सोडवत बसले, ती घट्ट बसली होती, तुमच्या नखाला ती निघंना. मंग दोघांनी मिळून सोडवली. त्यातच काय ते आलं असं समजा.

तुमी लिंगैक्य झाले त्या दिशी मी रडले न्हाई. रडू रुद्रभूमीत आलं, अन् ते कुणालाच कळलं न्हाई कशाचं.

आपल्या लिंगायतांत बाया बी जातात, मी गेले. तळ्याच्या पाळीखालीच आपली रुद्रभूमी. पोरं खड्डा खांदायला लागली. तुमाला बसवलेलं, कपाळाला विभूती, गळ्यात फुलं, हातात लिंग. मला तुमच्या आईचा वक्त आठवला. तवा कमरेएवढं खांदलं न्हाई तर पाणी लागलं होतं. बादल्यांनी उपसलं, खाली दगड टाकले, कडबा टाकला, मंग आत्याबाईला बसवलं. अन् तुमी, आईपायी ढसाढसा रडायलेले तुमी, वाकून त्या खड्ड्यात बघत होते, पाणी किती हातावर लागलं म्हणून. मला त्या दिशी तुमचा इतका राग आला होता.

तुमचा खड्डा पुरा खांदून झाला. बुडाची माती पोरांनी हातात घेतली तर ती भुरूभुरू उडाली. पावसाळा उलटून थोडेच दिस झालेत. महाराज म्हणले, भाग्यवान माणूस, कोरडी माती लागली. सगळ्यांनी हात जोडले. मी खड्ड्याच्या काठाला गेले अन् वाकून बघितलं. बायांनी मला धरलं, त्यायला वाटलं तोल चाललाय. तोल न्हाई चालला. तुमाला बघता येत न्हाई म्हणून मी बघायले होते.

मन्मथ माझ्या शेजारी उभा होता. तुमाला माती देऊन झाल्यावर हात झटकत तो डोळे पुसत म्हणला, "बघ आई, बुडापस्तोर कोरडं. अप्पा उगंच जन्मभर पाण्याला भ्यायले." लेकरू मायेनं म्हणलं हो. त्याला तुमची कीव आली होती. ओसरीवर तुमी काय बोलले ते त्याला ठाऊक न्हाई. तवा तो नोकरीवर बाहेरगावी होता अन् तुमी पुन्हा तो विषय कधी काढला न्हाई.

आतल्या खोलीत ते हेच बोलायलेत. घरमालकाला हे घर पाडून दुकानं काढायचीत, आपल्याला दिवाळीच्या आत खोल्या सोडायच्यात. अन् वसाहतीत, तळ्याच्या बरोबर मध्ये, एक कोपऱ्याचा प्लॉट विकायला निघालाय. मन्मथनं दुपारी माझ्यापुढं बसून सगळं सांगितलं. अप्पाच्या जीवाला लागू नये म्हणून इतके दिस बोललो न्हाई म्हणला. आता तुझ्या मनासारखं घर बांधू, आधी बोअर घेऊ, मंग पाया. तू फक्त सांग, घेऊ का.

मला त्याला सांगता आलं असतं. कोरडी माती म्हणजे काय ते सांगता आलं असतं. तुमचे सगळे शब्द माझ्या तोंडात आले होते, दगड, दोर, रेघ, सगळं. पण आवो, माझे गुडघे गेलेत. आता कुणाच्या भिंतीत विचारून खिळा मारायचा मला कंटाळा आलाय. घर मला तवा बी पाहिजे होतं अन् आता बी पाहिजे. तुमी गेल्यानं ते मनातून गेलं असं न्हाई.

मी इतकी वर्षं भांडले, रडले, अबोला धरला, तिथंच घर घ्या म्हणून हटून बसले. मला ते सगळं बिनघोर करता आलं, कारण तुमी न्हाई म्हणणार हे मला पक्कं ठाऊक होतं. मी कितीबी ओढलं तरी दुसरं टोक तुमी धरलेलं होतं. आज दुपारी मन्मथ माझ्या तोंडाकडं बघत बसला होता, सूनबाई दारात उभी होती, अन् मी तुमच्या खुर्चीकडं बघितलं.

मी 'घे' म्हणले, अन् घरात कुणीबी 'न्हाई' म्हणलं न्हाई.